बाराव्यानंतरचं घर

बेळगाव भागात कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिले बारा दिवस ते घर एकटं पडत नाही. भावकी येते, सोयरे येतात, शेजारच्या घरांतून कडू घासाच्या भाकऱ्या आणि आमटी येते, कुणी मंडप घालतं, कुणी खुर्च्या आणतं. रक्षाविसर्जनाला पुन्हा सगळे जमतात. बाराव्याला तर बसायला जागा नसते. मग मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरून नेतो आणि त्या घरात एक बाई, दोन मुलं आणि एक म्हातारी उरतात. मला लिहायचं आहे ते तिथून पुढचं.

मी बेळगावच्या मेथडिस्ट मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. सगळं आयुष्य मराठी शाळेत शिकवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या समाचाराच्या कामात आले. दुःखात असलेल्या घरी जायचं, बसायचं, लागेल ते करायचं, एवढंच ते काम. आमच्याकडे ते फार जुनं आहे. लंडन मिशनची माणसं बेळगावात १८२० साली आली, १९०४ मध्ये मिशनचं काम मेथडिस्टांकडे आलं, आणि शाळा-दवाखान्यांच्या बरोबरीनं घरोघर पायी फिरून बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबायाही होत्या. ज्या अक्कांनी मला हे काम शिकवलं, त्या अशाच एका बायबलबाईच्या लेक. स्वतः नर्स म्हणून नोकरी केलेल्या. वय झालं तरी बसनं गावोगाव जायच्या.

अक्कांनी मला आधी काहीच सांगितलं नाही. नुसतं बरोबर नेलं. एका घरात आम्ही दुपारभर बसलो आणि त्या जेमतेम चार वाक्यं बोलल्या. आल्यावर "पाणी द्या", मध्ये मुलीला "जेवलीस काय?", आणि निघताना त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून "गुरुवारी येते". मला वाटलं होतं आता प्रार्थना होईल, वचन वाचलं जाईल. पिशवीतलं बायबल पिशवीतच राहिलं. बसस्टॉपवर मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ईयोबाचे मित्र आठव. सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी नीट केलं. पुढं तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं."

खरंच, बायबलमधलं ते ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचून बघा. मित्र बोलायला लागतात आणि अध्यायामागून अध्याय त्या खचलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचं कारण समजावत बसतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. अक्कांनी काही वाक्यं आम्हाला कायमची बंद केली होती. "देवाची इच्छा." "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." "रडू नको, मुलांकडे बघ." यातलं शेवटचं मला सुरुवातीला पटलं नव्हतं, कारण ते आपण सगळेच मायेनं म्हणतो. पण ज्या बाईचा नवरा गेलाय ती मुलांकडेच बघत असते, आणि मुलांकडे बघूनच तिच्या पोटात गोळा येतो. त्यात तिला रडू नको म्हणायचं तर कुणाच्या तोंडून? मेलेल्या लाजरला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी लाजरच्या बहिणीला, मरियेला, आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो रडला. आधी रडला, मग कबरेकडे गेला. या कामात आम्ही तोच क्रम धरतो.

आता त्या घराबद्दल. खानापूर रस्त्यावरचं एक गाव. घर मराठा कुटुंबाचं, वारकरी. म्हातारीच्या गळ्यात तुळशीची माळ. घरातला कर्ता उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होता आणि त्याच खात्यात आमच्या मंडळीतला एक भाऊ काम करतो, त्याच्याकडून कळलं. वय चव्वेचाळीस. रात्री जेवून झोपला, पहाटे छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत सगळं संपलं. मागे बायको, पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीला शिकणारी मुलगी, नववीतला मुलगा आणि आई. बायकोला खात्यातले सगळे वैनी म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

बारावा झाल्यावर आम्ही गेलो. दारात त्याचे कामावरचे बूट तसेच होते. फौंड्रीतली काळी वाळू शिवणीत बसलेली, एका बुटाची नाडी सोडलेली आणि दुसऱ्याची गाठ तशीच. ओसरी झाडलेली होती, पण बुटांभोवतीचा हातभर तुकडा झाडूनं सोडलेला. वैनी रोज झाडताना तेवढी जागा सोडत होत्या. आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही. आत जाऊन जमिनीवर बसलो. म्हातारी भिंतीला टेकून होती, तिनं मान वर केली नाही. वैनींनी चहा ठेवला. अशा घरी चहाला नको म्हणायचं नाही, हेही अक्कांचंच. चहा करताना त्या बाईच्या हाताला काम मिळतं, आणि आलेल्या माणसाला देण्यासारखं आपल्या घरात अजून काही आहे हे तिला दिसतं.

पुढच्या भेटीत दिरानं सरळ विचारलं, "तुम्ही मिशनची माणसं. आमच्यात कशाला येतासा?"

त्याचं विचारणं रास्त होतं, आणि त्यावर मला मनापासून लिहायचं आहे. धर्मांतराविरुद्धचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकच्या विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. त्या दिवसांत आमच्यातल्या काहीजणी दुसऱ्याच्या दारात जायला घाबरत होत्या. घरच्यांनी अडवलं होतं. आम्ही एकत्र बसून प्रार्थना केली आणि ठरवलं की जायचं, पण एक गोष्ट आधीही करत नव्हतो ती आता बोलून दाखवायची. दुःखाच्या घरात पत्रक न्यायचं नाही. कुणी विचारल्याशिवाय वचन वाचायचं नाही. मदतीला कुठलीही अट नाही, उघडी नाही की मनातली नाही. हे कायद्याच्या भीतीनं म्हणत नाही. शोक करणारं माणूस पूर्ण उघडं पडलेलं असतं, त्याच्या त्या अवस्थेचा उपयोग करून घेणं माझ्या प्रभूच्या शिकवणीत बसत नाही. नाईन गावच्या वेशीवर त्यानं विधवेचा मेलेला एकुलता एक मुलगा उठवला आणि तिच्या हाती दिला. तिच्याकडून आधी काही कबूल करून घेतलं नाही. तिला पाहून त्याला कळवळा आला, एवढंच तिथं लिहिलं आहे.

दिराला मी इतकं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "तुमचा भाऊ आमच्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं एका डब्यातून जेवला. म्हणून आलो. आणि कागदपत्रांचं काम असेल तर तुम्हीच बरोबर चला. कागद तुमच्या घरातून बाहेर जाणार नाहीत." तेव्हापासून हा आमचा नियमच झाला. आम्ही कुणाचं आधार, पासबुक, रेशनकार्ड जवळ ठेवत नाही, झेरॉक्ससुद्धा नाही. एका पिशवीत सगळं घालून ती त्या घरातल्याच माणसाच्या हातात. दीर पुढे प्रत्येक ठिकाणी बरोबर आला आणि तोच फार उपयोगी पडला.

सांत्वनाची आणि कागदांची वाट एकच आहे हे मला याच कामात कळलं. पहिले दिवस कुणी कागदाचं बोलत नाही, बोलायचंही नसतं. पण मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, १९६९ च्या कायद्याखाली तसा नियम आहे. एकवीस ते तीस दिवसांत विलंब शुल्क भरून होते. तीस दिवस उलटले की स्वतः सही करून दिलेला कागद आणि वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर आणखी वरचं दार. बारावा होईपर्यंत बारा दिवस गेलेले असतात. उरलेल्या नऊ दिवसांत शुद्धीवर नसलेल्या घराला हे कोण सांगणार? म्हणून आम्ही दुसऱ्या भेटीला एवढं एकच बोलतो. नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. माणूस शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर गावच्या पंचायतीत खेटे घालून उपयोग नाही, दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथंच नोंद असते. इथं मृत्यू घरी झाला होता, त्यामुळे काम गावातच झालं. वेळेत केलेल्या नोंदीचा पहिला दाखला फुकट मिळतो. जास्तीच्या प्रती मात्र त्याच वेळी पैसे भरून घेऊन ठेवाव्यात, पुढे प्रत्येक टेबलावर एक लागते.

दाखला हातात आला तो कन्नड आणि इंग्रजीत. वैनींना दोन्ही येत नाही. मी मराठी शाळेतली, मला कन्नड बोलता येतं, पण कचेरीतलं कन्नड वाचताना मीही अडखळते. आमच्याच आवारात कन्नड मंडळीचीही उपासना होते. तिथल्या एका ताईंना मी विचारलं आणि त्या लगेच तयार झाल्या. बँकेत नोकरी केलेल्या, अर्ज वाचण्यात पटाईत. त्या दिवसापासून कागदाच्या कामाला आम्ही जोडीनं जातो, एक मराठी आणि एक कन्नड.

हे सुचलं ते बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायामुळे. यरुशलेमची मंडळी नुकतीच वाढू लागली होती आणि कुरकुर सुरू झाली. कशावरून? ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते यावरून. तिथं विधवा होत्या, अन्न होतं, आणि मध्ये भाषा आली. बेळगावात राहणाऱ्याला हे वाचून वेगळं काही सांगावं लागत नाही. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प आणि पुढचे पाच. सगळी ग्रीक नावं. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच बोलीतल्या माणसांच्या हाती वाटणी दिली. सीमाप्रश्नावर माझी मतं आहेत, त्या कन्नड ताईंचीही आहेत, आणि ती सारखी नाहीत. अर्ज भरताना आम्हाला त्यांची गरज पडत नाही. खिडकीवर त्या कन्नडमध्ये बोलतात, मी वैनींना मराठीत सांगते, वैनी सही करतात. कुणी त्यांना फसवत नाही याची त्यांना खात्री पटते ती आपल्या भाषेत ऐकल्यावरच.

मग पासबुक. हे काम मी आता प्रत्येक घरी करते आणि दर वेळी काळजात धडधड होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी शोधायच्या. बँकेत खातं उघडताना किंवा नंतर कधीतरी माणसानं कुठल्यातरी फॉर्मवर सही केलेली असते आणि घरात कुणाला ठाऊक नसतं. ४३६ रुपये कापले असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, त्याचे दोन लाख अपघातातच मिळतात. वैनींच्या नवऱ्याचं पासबुक मी चष्मा लावून ओसरीवर उघडलं. प्रिंटरची शाई फिकट होती. दीर माझ्या खांद्यावरून बघत होता. मे अखेरीला एक ओळ सापडली, वीस रुपये. त्याच्या वर-खाली, मागच्या वर्षी, त्याआधीच्या वर्षी शोधलं. सगळीकडे वीसच. ४३६ कुठेच नव्हते. छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाला त्या वीस रुपयांचा उपयोग नव्हता. मी पासबुक मिटलं आणि दिराला सरळ सांगितलं. खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं. तो काही बोलला नाही, उठून बैलाला वैरण घालायला गेला.

वडगावात मात्र उलटं झालं होतं. पॉवरलूमवर काम करणारा एक माणूस, आमच्याच मंडळीतला, काविळीनं गेला. त्याच्या पासबुकात ४३६ ची ओळ होती. त्याच्या बायकोला ती दाखवली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे त्यांनी आमचा विचार केलेला." पैशाचा आकडा तिनं नंतर विचारला.

वैनींच्या घरी उपयोगी पडली ती पगाराची चिठ्ठी. तिच्यावर पीएफ कापल्याची ओळ होती. नोकरी करत असताना माणूस गेला की पीएफकडून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. साठलेली रक्कम, तिच्यासाठी फॉर्म २०. विधवेचं आणि मुलांचं पेन्शन, त्यासाठी १०-डी. आणि विमा, त्यासाठी ५-आयएफ. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शनचा हक्क पोहोचतो. विधवेला महिन्याला किमान एक हजार, आणि मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या पेन्शनचा चौथा हिस्सा, एका वेळी दोघांना. वर्षभर सलग नोकरी असेल तर विम्याचे किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त सात लाख. कारखान्याकडून सह्या लागतात. आमचा तो फौंड्रीतला भाऊ रोज जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलासमोर जाऊन उभा राहायचा, न भांडता. सह्या झाल्या.

पण नामनिर्देशन बघितलं तर त्यावर आईचं नाव. लग्नाआधी नोकरीला लागला होता, तेव्हाचं ते. घरात ताण आला. दिराच्या चेहऱ्यावर दिसलं, वैनी दोन दिवस गप्प. म्हातारीला कुणीतरी सांगितलं की आता सगळा पैसा तुझा. खरं असं आहे की लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्न झाल्यावर रद्द ठरतं, आणि नवं केलेलं नसेल तर रक्कम कुटुंबातल्या पात्र माणसांत सारखी वाटली जाते. पेन्शन तर विधवेचंच. कन्नड ताईंनी हे सगळं म्हातारीसमोर, दिरासमोर, वैनींसमोर एकदाच, सावकाश समजावून सांगितलं. त्या स्वतः मराठी मोडकंतोडकं बोलतात. म्हणून एकेक वाक्य जुळवून बोलल्या, आणि त्यामुळेच की काय, सगळ्यांनी नीट ऐकलं. म्हातारी म्हणाली, "मला काय करायचाय पैसा. पोरीचं शिकणं बंद पडायला नको." माझ्या मते त्या घरातलं सगळ्यात मोठं काम त्या दिवशी झालं, आणि ते तिनं केलं.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर केंद्राच्या योजनेतून एकदा वीस हजार मिळतात. त्याचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, तिथल्या अटलजी जनस्नेही केंद्रात केला. वडगावच्या बाईंचा विधवा वेतनाचा अर्जही तिथंच. कर्नाटकात ते महिना आठशे रुपये आहे. आठशे रुपयांत घर चालत नाही हे मी सांगायला नको, पण गॅसची टाकी येते आणि दुकानदारापुढे मान खाली घालावी लागत नाही. तिचा अर्ज अडला तो नावावर. मराठी घरात नाव सरळ, त्यात 'त' येतो. पासबुकात ते इंग्रजीत 'टी'नं लिहिलेलं, आणि आधारवर इथल्या पद्धतीप्रमाणे पुढे एक 'एच' जास्तीचा. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बाया. या भागात किती मराठी बायांचं असं झालंय! एका कागदावर बेलगाम, दुसऱ्यावर २०१४ नंतरचं बेळगावी, तेवढं चालवून घेतात. माणसाच्या नावाचं चालत नाही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र, मग आधारची दुरुस्ती, मग पुन्हा रांग. रांगेत ती एकटी नसली पाहिजे, एवढं आम्ही बघतो.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या रविवारी गरजूंसाठी वेगळी पेटी फिरते. त्यातून या घरांना काही देतो. पहिल्या महिन्यात देत नाही, तेव्हा घरात तांदूळ-डाळ येऊन पडलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात देतो. तेल, तूरडाळ, चहापूड, साखर, आणि कुणाला आठवत नाहीत त्या वस्तू, अंगाचा साबण, खोबरेल, मुलीला लागणारे पॅड. वैनींच्या मुलीचा बसपास काढला. मुलाला गणिताला आमच्याकडचा एक तरुण शनिवारी शिकवायला जातो. वैनी आता काजूच्या कारखान्यात जातात. संध्याकाळी हाताची बोटं काळी पडलेली असतात, तरी कारखान्यातल्या बायांबद्दल सांगताना त्यांचा आवाज जरा मोकळा होतो.

बूट पावसाळ्याच्या तोंडाला हलले. वैनींनी ते धुतले नाहीत, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. मी त्या दिवशी तिथं होते, माळ्यावरून हात देत होते. ओसरी सगळी झाडून झाली आणि मग त्या खूप रडल्या, बाराव्याच्याही वेळी रडल्या नव्हत्या इतक्या. शेजारची एक बाई आत आली, म्हणाली, "आता एवढे महिने झाले की गं." तिला वाईट बोलायचं नव्हतं. पण शोकाला अशी मुदत घालता येत नाही. मृत्यूच्या नोंदीला आहे तशी तर नाहीच. पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस, शाळेत बापाची सही मागतात तो दिवस, पीएफचे पैसे खात्यात येतात तो दिवस. हा शेवटचा तर फार कठीण. पैसे आले म्हणून आनंद व्हावा अशी सगळ्यांची अपेक्षा, आणि बाईला वाटतं की आता तो खरंच गेला, हिशेबसुद्धा संपला. त्या दिवशी मुद्दाम जायचं, आम्ही ठरवून जातो.

म्हातारी कितीतरी दिवस आमच्याशी बोललीच नव्हती. एकदा वैनी कामाला गेलेल्या, मी नि ती दोघीच. मी तांदूळ निवडत होते. तिनं अचानक विचारलं, "तुमच्यात पोर मेलेल्या आईला काय सांगतात?"

तिनं विचारलं म्हणून मी पिशवीतून बायबल काढलं. स्तोत्र चौतीस, अठरावं वचन. "परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो." तिला ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा वाचलं. ती गळ्यातली माळ चाचपत राहिली. मग म्हणाली, "जवळ असतोय म्हणा की."

मी म्हटलं, "होय, जवळ असतो."

"काय करतोय जवळ ऱ्हाऊन?"

याचं उत्तर मला दिलं पाहिजे असं वाटलं, आणि माझ्याजवळ शिकवलेलं एकही उत्तर त्या घटकेला खरं वाटेना. मी म्हटलं, "आज्जी, मला वाटतं, तो रडतोय तुमच्याबरोबर." तिनं माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं, स्वतः तांदूळ निवडायला लागली आणि निवडता निवडता मुलाबद्दल सांगू लागली. लहानपणी रताळ्याच्या रानात हरवला होता त्याबद्दल, पहिल्या पगाराचं लुगडं आणलं त्याबद्दल. संध्याकाळ झाली तरी सांगत होती. तोपर्यंत त्या घरात त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. त्यानंतर घ्यायला लागले.

याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचरण कशाला म्हणावं ते लिहिलं आहे, अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं. लहानपणापासून ते पाठ होतं. नाडकचेरीच्या बाकावर बसून टोकन नंबरची वाट बघताना ते वचन मला अनेकदा आठवतं, आणि वाटतं, हीच उपासना चालली आहे.

सध्याची स्थिती अशी. वैनींचं पेन्शन सुरू झालं आहे. मुलांच्या पेन्शनसाठी शाळेचे दाखले द्यायचे होते, ते दिले. वीस हजारांचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. वडगावच्या बाईंना विम्याचे दोन लाख मिळाले, विधवा वेतन आधारच्या दुरुस्तीवर अडलं आहे. अक्का आता घराबाहेर पडू शकत नाहीत, दर आठवड्याला फोन करून प्रत्येक घराचं विचारतात आणि आमच्यातली एखादी कुठं जास्त बोलली असं कळलं तर रागावतात.

हे वाचणाऱ्यांनी आज घरी दोन गोष्टी कराव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. पासबुक काढून मे अखेरीच्या नोंदी बघा, ४३६ आणि २०, आणि काय बघितलं ते घरच्यांना सांगा. पीएफवर लग्नाआधीचं नाव असेल तर बदलून घ्या. आणि ओळखीच्या कुणाच्या घरी माणूस गेलं असेल, महिना-दोन महिने झाले असतील, तर जा. डबा नेणार असाल तर रविवारी नको, मधल्या वारी न्या. रविवारी कुणी ना कुणी येऊन गेलेलं असतं.